आधी कारखान्याचं गेट, मग जीआर

मुरगुडातून कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचं, तर घरातून अंधारातच निघावं लागतं. दुचाकी असली तर निढोरीवरून कागल गाठता येतं. नसली तर एसटी, आणि कागलच्या पुढं कंपनीची बस किंवा वडाप. कौशल्य प्रशिक्षणाच्या सरकारी प्रस्तावात रकाने भरपूर असतात, पण पहिली एसटी किती वाजता सुटते हे त्यातल्या एकातही विचारत नाहीत. पंधराव्या दिवशी पोरगं यायचं बंद झालं, की कारण बहुधा तिथंच सापडतं.

हा लेख तिघांसाठी आहे. ज्यांच्या गळ्यात प्लेसमेंटचं काम पडलं आहे ते महाविद्यालयातले प्राध्यापक, ‘पोरं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत’ असं म्हणणारे लहान-मध्यम कारखानदार, आणि या दोघांना एका टेबलाशी बसवू शकतील असे संस्थाचालक. महाविद्यालय आणि कारखाना यांनी मिळून माणसं तयार करावीत यासाठी शासनाचा पैसा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. पण तो एका थैलीतून येत नाही. महाविद्यालयाच्या खात्यात तर त्यातला फारच थोडा येतो. प्रस्ताव फसतात ते याच गैरसमजातून. आधी जीआर हाती पडतो, मग त्यात बसेल असा अभ्यासक्रम शोधला जातो, आणि सगळ्यात शेवटी सहीपुरता एखादा कारखाना. हा क्रम उलटा करायचा आहे.

गेटवर काय विचारायचं

मालकाला ‘तुम्हाला किती मुलं लागतील?’ असं विचारू नका. तो सौजन्यानं ‘पाठवा की दहा-वीस’ म्हणतो आणि तुम्ही खूश होऊन परत येता. त्याऐवजी गेल्या वर्षी किती जण सोडून गेले, कोणत्या खात्यातून गेले आणि किती महिन्यांत गेले ते विचारा. रिजेक्शन कुठं जास्त येतं ते विचारा. कोणती मशीन माणसाअभावी एका पाळीला बंद असते ते विचारा. या तीन उत्तरांतून अभ्यासक्रम आपोआप पुढं येतो.

कोल्हापूरच्या फाउंड्रीचंच घ्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, तिथं आयटीआयचा मोल्डर किंवा फेटलिंगचा हेल्पर एवढंच लागतं. पण आजच्या फाउंड्रीत सँड लॅब असते. दिवसातून अनेकदा वाळूतला ओलावा, तिची ताकद, तिच्यातून वायू किती सहज निघतो हे मोजावं लागतं. ते चुकलं तर कास्टिंगला भोकं पडतात आणि अख्खी हीट भंगारात जाते. स्पेक्ट्रो मशीनवर वितळलेल्या लोखंडाचं पृथक्करण वाचायला माणूस लागतो. ही कामं रसायन किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्या बीएस्सीच्या मुलीमुलांची आहेत. सदाशिवराव मंडलिक महाविद्यालयासारख्या ग्रामीण महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विज्ञान पदवीधरापुढं बीएड किंवा स्पर्धा परीक्षा एवढेच दोन रस्ते आहेत असं आपण धरून चालतो. तिसरा रस्ता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आहे. मशीन शॉपमध्ये सीएनसीवर बटण दाबणारे पुष्कळ मिळतात. ड्रॉइंग वाचून, बोअर गेज लावून ‘हा जॉब मापात नाही’ असं सांगणारे मात्र कमी आहेत. पहिल्यासाठी आठवडा पुरतो. दुसऱ्यासाठी तीन-चार महिने लागतात, आणि अनुदान मागायचं ते या दुसऱ्यासाठी.

एमआयडीसीपर्यंत जायलाच हवं असंही नाही. मुरगूडच्या आसपास बिद्री, हमीदवाडा आणि कागलचे साखर कारखाने आहेत. हंगामात प्रयोगशाळेत ब्रिक्स, पोल, प्युरिटी काढणारे हात लागतात. हंगाम संपला की मिल उघडतात, रोलर निघतात, पंप आणि व्हॉल्व्ह खाली येतात. फिटर आणि वेल्डरला शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. म्हणजे रसायनाच्या विद्यार्थ्याची तुकडी नोव्हेंबरात आणि फिटरची तुकडी एप्रिलनंतर. जून ते मे असं शैक्षणिक वर्ष धरून दोघांना एकाच वेळी पाठवलं, तर दोघांपैकी एक जण नुसता बाकावर बसून राहतो. एक सावधगिरी मात्र पाळा. बॉयलर अटेंडंटचं काम शासनाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणाला देता येत नाही. ‘बॉयलर ऑपरेटर’ असं महाविद्यालयाचं प्रमाणपत्र छापून मुलाच्या हाती दिलं, तर ते त्याच्या कामाचं नाही.

पैसा कोणाच्या खिशात जातो

आता जीआर उघडायला हरकत नाही. योजनांची नावं डोक्यात गर्दी करतात. त्यापेक्षा प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हिचा पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो?

पहिला प्रकार शिकणाऱ्याच्या खात्याचा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ हा इथला सगळ्यात जुना आणि सगळ्यात भक्कम आधार. कंत्राटी कामगार धरून ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक. हे अनेक कारखानदारांना ठाऊक असतं, पण ओझं म्हणून. ८० माणसांच्या कारखान्याचा हिशेब मांडू. किमान २ उमेदवार, कमाल १२. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपयांपासून पदवीधराला ९,००० पर्यंत ठरवलं. आयटीआय झालेल्याला ७,०००. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे ‘नॅप्स’मध्ये, केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये देतं. ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, म्हणून मर्यादा लागू होते आणि मालकाकडं ५,५०० उरतात. बारा जण घेतले तर महिन्याला सरकारचा हिस्सा १८,००० रुपये. आता ही रक्कम थेट उमेदवाराच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात जाते, मालकाला परत मिळत नाही. मालकानं आपला हिस्सा वेळेवर दिला तरच सरकारचा सुटतो. विद्यावेतनात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं मे २०२५ मध्ये केली. त्यामुळे करार नोंदवताना त्या दिवशीचा दर पोर्टलवर बघूनच आकडा घाला.

पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी ‘नॅप्स’ची सख्खी बहीण आहे ‘नॅट्स’. ती शिक्षण मंत्रालयाची आहे आणि पश्चिम विभागाचं तिचं मंडळ मुंबईत आहे. तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र उचलतं. ही फक्त इंजिनिअरांसाठी आहे असा समज अजून पक्का आहे. तो काढून टाका, बीए, बीकॉम, बीएस्सी झालेलेही तिच्यात येतात. पतसंस्था, दूध संघ, कारखान्याचं लेखा खातं अशा ठिकाणी वाणिज्य पदवीधराला वर्षभर बसवायचं असेल तर दार हे आहे.

राज्याची स्वतःची योजना म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जुलै २०२४ ची. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण पूर्ण झालेलं. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढं ती अकरा केली गेली. नोंदणी महास्वयम पोर्टलवर. खासगी उद्योगात किमान २० माणसं हवीत आणि उद्योग तीन वर्षं जुना हवा. उत्पादन क्षेत्रात मनुष्यबळाच्या १० टक्क्यांपर्यंत प्रशिक्षणार्थी घेता येतात, म्हणजे आपल्या ८० जणांच्या कारखान्यात आठ. विद्यावेतन पूर्ण राज्याचं. ऐकायला सोपं वाटतं, आणि म्हणूनच फुकटचा हेल्पर मिळाला अशा हिशेबानं पोरांना पॅकिंगला उभं केलं जातं. अशा ठिकाणी मुदत संपते त्या दिवशी मुलाकडं दाखवण्यासारखं काहीच नसतं. शिवाय शिक्षण चालू असलेल्याला ही योजना लागू नाही. तृतीय वर्षाच्या वर्गाला ‘अर्ज भरा’ असं सांगण्याआधी एवढं लक्षात घ्या.

दुसरा प्रकार प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या खात्याचा. महाविद्यालयाला प्रत्यक्ष पैसा दिसतो तो इथं. राज्यातल्या एक हजार महाविद्यालयांत आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रं सुरू करण्याची योजना २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात जाहीर झाली. १५ ते ४५ वयोगटासाठी प्रशिक्षण मोफत, वर्षाला सुमारे दीड लाख तरुण असं उद्दिष्ट. भागलं तर प्रत्येक महाविद्यालयाच्या वाट्याला वर्षाला दीडशे. त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, गावपातळीवर ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली होती. अशा केंद्रांत अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातला लागतो, प्रशिक्षक प्रमाणित लागतो, हजेरी आधारशी जोडलेली लागते.

हप्ते कसे येतात ते आधी समजून घ्या. केंद्राच्या कौशल्य योजनांसाठी २०१५ मध्ये ठरलेल्या सामाईक निकषांनी पाया घातला. तुकडी सुरू झाली की ३० टक्के, मुलं परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळालं की ५०, आणि नोकरी किंवा स्वयंरोजगार लागल्याचा पुरावा दिला की उरलेले २०. शेवटचा हप्ता पूर्ण मिळायला तीन महिन्यांत ७० टक्के मुलं कामाला लागलेली हवीत. पन्नासच्या खाली गेलात तर तो शून्य. पुढं वेगवेगळ्या योजनांत टक्के वरखाली झाले, पण घडण हीच राहिली. म्हणजे यंत्र, वीज, प्रशिक्षकाचा पगार आधी संस्थेच्या पदरचा, आणि शासनाचा पैसा मागाहून. ज्या संस्थेकडं सहा महिने तग धरण्याइतकी गंगाजळी नाही तिनं एका वेळी एकच तुकडी घ्यावी. आणि कारखाना शेवटी शोधणाऱ्यांचा शेवटचा हप्ता का अडकतो, तेही इथं उघड होतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं २०१६ पासून आपल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी असंच काहीसं केलं. शुल्काचा एक तृतीयांश विद्यार्थी भरतो. अभ्यासक्रम पुरा केला की राज्य आपला एक हिस्सा देतं, आणि उद्योगानं मानलेलं प्रमाणपत्र मिळवलं की उरलेला. अर्धवट सोडणाऱ्याला जास्तीचा भार उचलावा लागतो. आपल्याकडं गरीब घरातल्या मुलाकडून एवढी रक्कम आधी मागणं मला पटत नाही. पण ‘किती जणांनी प्रवेश घेतला’ याऐवजी ‘किती जणांनी पुरं केलं’ यावर पैसा मोजायचा, हे तत्त्व दोन्हीकडं सारखं आहे.

तिसरा प्रकार यंत्रसामग्रीचा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१३ मध्ये ‘कम्युनिटी कॉलेज’ हेच नाव घेऊन योजना आणली, तेव्हा उद्योगाशी करार ही अटच होती. अनुदान मात्र ठरावीक काळापुरतं होतं. आज महाविद्यालयाला महागडी मशीन घेण्यासाठी सहज उघडणारं दार नाही. पैसा आयटीआयकडं जातो. २००७-०८ पासून १,३९६ शासकीय आयटीआयना उद्योगाच्या भागीदारीत प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज देण्याची योजना झाली, तिथं व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष उद्योजक असतो. २०२५ मध्ये आलेली ‘पीएम-सेतू’ ६०,००० कोटींची आहे आणि तीही एक हजार आयटीआयसाठी. म्हणून मुरगूडच्या महाविद्यालयानं सीएनसी मशीन मागू नये. तालुक्याच्या आयटीआयशी करार करून त्यांची मशीन दुपारनंतर वापरावी आणि आपल्याकडचं गणित, मापनशास्त्र, इंग्रजी त्यांच्या मुलांना शिकवावं. मोजमापाची साधनं, एखादी छोटी लॅब एवढ्यासाठी कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी पुरतो. कंपनी कायदा २०१३ नुसार ५ कोटी निव्वळ नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता यांपैकी एक निकष ओलांडणाऱ्या कंपनीला सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात, आणि व्यवसाय कौशल्य त्या यादीत आहे.

मुरगुडातून वेदगंगेच्या काठानं वर गेलं की गारगोटी लागते. मौनी विद्यापीठ तिथं स्वातंत्र्याच्या सुमारास उभं राहिलं, आणि जे. पी. नाईकांसारखा शिक्षणतज्ज्ञ त्यामागं होता. पन्नासच्या दशकात केंद्रानं ग्रामीण उच्चशिक्षणासाठी ‘रूरल इन्स्टिट्यूट’ निवडल्या, त्यांत गारगोटीही होती. खेड्याला लागणारं स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकी तिथं शिकवलं गेलं. आज जीआरमध्ये ‘स्थानिक गरजेवर आधारित अभ्यासक्रम’ असं वाक्य दिसलं, की मला ती जुनी इमारत आठवते. परिसराकडं बघून अभ्यासक्रम बेतायचा ही युक्ती आपल्याला बाहेरून आणावी लागलेली नाही.

कागदावर काय लिहायचं

सामंजस्य करार म्हटलं की हारतुरे, फोटो, वर्तमानपत्रातली बातमी. त्यानंतर तो फाइलीत जातो आणि मूल्यांकनाच्या वेळी बाहेर निघतो. काम करणारा करार दोन पानांचा असतो आणि त्यात विशेषणं नसतात. किती मुलं, कोणत्या खात्यात, किती तास, कोणती पाळी. विद्यावेतन किती, त्यातलं कोण किती देणार, कोणत्या तारखेला. जेवण आणि बस कोणाची. सेफ्टी शूज, गॉगल, हातमोजे पहिल्या दिवशी मिळणार की पहिल्या पगारानंतर. मुलींसाठी स्वच्छतागृह, आणि पाळी सुटल्यावर घरी पोचायची सोय. मध्येच सोडलं तर काय. शेवटी नोकरी देणार असाल तर किती जणांना आणि कोणत्या निकषावर, देणार नसाल तर तेही स्पष्ट. हे सगळं मुद्रांकावर घ्या. शंभराच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता पाचशेचा लागतो.

शिकाऊ उमेदवार कायद्यातला करार यापेक्षा वेगळा असतो. तो पोर्टलवर उमेदवार आणि मालक यांच्यात नोंदवला जातो. त्या करारानं मूल ‘शिकाऊ’ ठरतं, कामगार ठरत नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधीची वर्गणी लागत नाही. पण काम करताना इजा झाली तर भरपाई मालकावरच येते, आणि सुरक्षेचे नियम जसेच्या तसे लागू असतात. धोकादायक उद्योगात वय १८ पूर्ण हवं. दहावी झालेल्या सोळा वर्षांच्या मुलाला फाउंड्रीत पाठवू नका, बाप कितीही विनवण्या करो.

करारात हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे शिकवणार कोण. एचआरचा माणूस सही करतो, पण शिकवायचं असतं मिस्त्रीला किंवा लाइनवरच्या जुन्या ऑपरेटरला. त्याच्या डोक्यावर उत्पादनाचं टार्गेट असतं. नवख्याला मशीनला हात लावू दिला की तासाला दोन-चार जॉब कमी निघतात आणि बोलणी त्याला बसतात. मग तो मुलाला झाडू देतो. त्यात त्याचा दोष नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या पोरं मिस्त्रीच्या हाताखालीच शिकली. पण तिथं मिस्त्रीच मालक असायचा, वेळ त्याचा स्वतःचा होता. आजच्या कारखान्यात तो वेळ विकत घ्यावा लागतो. म्हणून करारात त्या ऑपरेटरचं नाव घाला, शिकवण्याच्या दोन तासांपुरतं त्याचं टार्गेट कमी करा आणि महिन्याला काही मानधन ठेवा. हे कोणत्याही योजनेतून मिळत नाही, मालकानंच द्यायचं असतं. मालक इतकं करायला तयार नसेल, तर ती भागीदारी तिथंच सोडलेली बरी.

नव्या शैक्षणिक धोरणानं एक सोय करून ठेवली आहे, ती आधी वापरा. पदवीच्या आराखड्यात आता कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक आहेत, म्हणजे १२० तास, आठ तासांचे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत कोणी मशीन सेटर होत नाही. पण मुलाला धूळ, आवाज आणि पाळी कळते, मालकाला मूल कळतं, आणि पुढच्या वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीला कोण टिकेल याची चाळणी दोघांच्याही खर्चाशिवाय होते.

हिशेब आणि दलाल

पैसा येणार असेल तर पहिल्या दिवशी स्वतंत्र बँक खातं उघडा. वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, त्यावर क्रमांक, वस्तूवरही तोच क्रमांक. केंद्राच्या निधीसाठी उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नमुना १२-अ मध्ये लागतं. ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलात तर बिलं सापडत नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला तासभर घालवला तर वर्षाअखेरी काहीच उरत नाही. मुलांचे मोबाइल नंबर, पालकांचे नंबर, नोकरी लागल्याचं पत्र, पहिल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या हे सगळं मूल हातात असतानाच गोळा करा. एकदा ते पुण्याला गेलं की फोन लागत नाही.

‘तुम्ही फक्त जागा द्या, मुलांची यादी द्या, बाकी आम्ही बघतो’ असं सांगत येणारे भेटतील. एका तालुक्याच्या ठिकाणी असाच करार मी जवळून पाहिला. वर्गात बारा मुलं, हजेरीत तीस. चौकशी आली तेव्हा एजन्सीचा फोन बंद होता आणि कागदावर सही प्राचार्यांची होती. टक्केवारीवर काम करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र कोल्हापुरात आहे, तिथली माहिती फुकट मिळते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कौशल्य समितीपुढं तुमची मागणी जाण्याचा रस्ताही तिथूनच जातो. उद्योजकांपर्यंत एकेकट्यानं पोचण्यापेक्षा ‘गोशिमा’, ‘स्मॅक’ अशा त्यांच्या संघटनांमार्फत जा. एका बैठकीत वीस मालक भेटतात आणि कोण नुसतं बोलतंय हे बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

सुरुवात लहान ठेवा. एक महाविद्यालय, दोन कारखाने, आठ मुलं. प्राध्यापकांनी स्वतः एकदा पहिल्या एसटीनं त्या कारखान्यात जाऊन यावं, घड्याळ लावून. साखर कारखान्याची तुकडी करायची असेल तर दिवाळीआधी मुख्य रसायनतज्ज्ञांची वेळ घ्या. एकदा मोळी पडून गाळप सुरू झालं की हंगाम संपेपर्यंत त्यांना तुमच्याशी बोलायला फुरसत नसते.